अजी, घरी या

१

आमच्या घरी फोटो काढायचे हे आणि धुवायची मी. हे म्हणजे आमचे यजमान. भिलाईला कारखान्याच्या बांधकामावर फोटोग्राफर होते. चिमणी किती वर गेली, कॉलम किती उभे राहिले, कोणता मंत्री कोणत्या रशियन साहेबाशी हात मिळवतो आहे, हे दिवसभर टिपायचं आणि ऑफिसात जमा करायचं, ही नोकरी. ऑफिसचे फोटो ऑफिसात धुतले जात. हौसेचे फोटो माझ्या वाट्याला येत.

रुआबांधा गावाच्या अंगाला क्वार्टरांची शेवटची ओळ होती, तिच्यात आमचं घर. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडं लावलं की झाली डार्करूम. कागदावर फोटो उठवताना लाल दिवा चालतो, पण फिल्म धुताना तोही चालत नाही. मिट्ट काळोखात बोटांनी चाचपत फिल्म एका थाळीतून दुसऱ्या थाळीत न्यायची. लेक अंघोळीच्या जागी अंधारात बसून औषधाच्या पाण्यात हात घालते हे माहेरी साकोलीला माझ्या आईला कळलं असतं, तर तिने जावयाला चार शब्द ऐकवले असते. मला मात्र ते काम आवडायचं. माझ्याशिवाय यांचं अडतं, एवढं एकच काम होतं ते.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. मूल असलं की बाईला नवऱ्याला हाक मारायची सोय होते. अमक्याचे बाबा, तमकीचे बाबा. माझ्याजवळ एकच शब्द होता, अजी. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही तोंडातल्या तोंडात. आजही इथे लिहायला हात वळत नाही. हसायचं तर हसा.

यांना त्याची फार गंमत वाटे. "एक डाव नाव घेऊन बलाव ना वं कौशल्या," म्हणायचे. "पाहू दे कसं वाटते."

"जीभ झडंल माही," मी म्हणायची.

आणि खरं सांगायचं तर अजी म्हटल्यावर तरी हे कुठे ओ देत होते. पहिल्या हाकेला कधीच नाही. दुसऱ्या हाकेला 'हं'. तिसऱ्या हाकेला मान वर व्हायची, तीही वैतागून.

२

पहिली भट्टी पेटून दोन हिवाळे झाले होते. कारखान्यासाठी जी गावं उठवली, त्यांतलं एक आमच्या ओळीच्या मागे, चालत जाण्याजोगं होतं. माणसं गेली, कौलं गेली, भिंती अर्ध्यामुर्ध्या राहिल्या आणि तळं राहिलं. त्या उन्हाळ्यात रानातलं बाकीचं पाणी आटलं आणि त्या तळ्यावर वाघ येऊ लागला.

वाघ असं मी आता घरात बसून लिहिते. रानात आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत, मामा म्हणतात. म्हणजे नाव न घेण्याचे माझ्या आयुष्यात दोघे, एक नवरा आणि एक वाघ. त्या उन्हाळ्यात पहिला दुसऱ्याच्या मागे लागला.

मायदेशी परत जाणाऱ्या एका रशियन साहेबाने यांना आपला कॅमेरा देऊन टाकला होता. वरून खाली बघायचा, पेटीसारखा. तो तिपाईवर लावून हे पडक्या भिंतीआड बसत. मी विचारलं, दिवे लागायच्या वेळी फोटो निघतो कसा, तर खुशीत येऊन सांगू लागले.

"मामा येते तवा उजेड रायत नाही. फ्लॅशचा बल्ब उडवला का ते पयून जाते. म्हून मी शटर उघडं ठेवतो अन् स्लॅग पडायची वाट पायतो."

स्लॅग म्हणजे लोखंडाचा मळ. भट्टीतून तो वितळलेलाच निघतो. रेल्वेच्या मोठमोठ्या भांड्यांतून तो ढिगावर नेतात आणि ओततात. ओतला की अर्धं आभाळ लाल होतं, जरा वेळ राहतं आणि विझतं. नवी माणसं घाबरायची, आम्ही त्या उजेडात तांदूळ निवडायचो. आमच्या यांनी त्यात मामाचा फोटो निवडायचं ठरवलं होतं.

"अन् जनावर हललं तं?" मी विचारलं.

"हललं ते पुसून जाते. जे बसून रायते तेच फिल्मीवर येते."

पहिल्या फिल्मींवर पळसाची झाडं आली, भिंत आली, तळ्याचं पाणी दुधासारखं आलं. मामा नाही. एका फोटोत पाण्याच्या कडेला धुरासारखी रेघ होती. हे लहान पोरासारखे नाचले. "हे पाय, पाठ. हे शेपूट."

"मले तं चुलीचा धूर दिसते," मी म्हटलं. "माहा एक फोटू काढा म्हटलं का फिल्म महाग होते. मामाले रोलच्या रोल."

हे हसले नाहीत. फोटो दिव्याजवळ धरून म्हणाले, "एक डाव त्यानं माह्याकडं पायलं पायजे. मंग बस." तो आवाज मी यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मला त्या जनावराचा हेवा वाटला, हे कबूल करायला लाज कसली.

३

एके दिवशी हे वेळेवर आले नाहीत. रोज अंधार व्हायच्या आत पडवीत बुटांची धूळ झटकल्याचा आवाज यायचा, तो आला नाही. मी शेजारच्या तुळसाबाईला हाक मारली. ती आमच्या भंडारा जिल्ह्यातलीच. तिचा नवरा जानराव स्लॅगच्या गाडीवर रूळ बदलणारा पॉइंट्समन, तो ड्यूटीवर होता. आम्ही दोघी कंदील घेऊन तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेलो.

भिंतीजवळ कॅमेरा तिपाईवर उभा होता. शटर उघडं. हे नव्हते. तळ्याच्या पलीकडे नुसता काळोख भरत होता आणि वारा पडला होता.

"फोटोबाबू, ओ फोटोबाबू," तुळसाबाईने हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. ती माझ्याकडे वळली. "तू बलाव वं. नाव घेऊन बलाव. मले तं त्याईचं नावच मालूम नाही, सारे फोटोबाबूच म्हनते."

"मी नाव घेत नाही त्याईचं."

"अवं, रानात दिवेलागनीले नुसतं अजी म्हनू नये. अजी का एकट्याचं नाव हाय? ज्याले कोनीच बलावत नाही, तोबी आयकत असते."

मी तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. इतक्या वर्षांची सवय, ती काय पाळीवर उभं राहिल्याने सुटते. माझ्या तोंडून आलं ते नेहमीचंच.

"अजी. अजी, घरी या ना."

"आलो," आवाज आला.

लगेच आला. भिंतीकडून नाही, तळ्यापलीकडूनही नाही, आमच्या बाजूच्या वाळल्या गवतातून. गवत हललं आणि हे बाहेर आले. त्याच वेळी स्लॅग पडला, आभाळ लाल झालं आणि यांचा चेहरा मला स्पष्ट दिसला. यांच्या छातीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं, पण तुळसाबाई होती.

हे कॅमेऱ्याजवळून चालत गेले आणि त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. शेवटी मीच शटर बंद केलं, तिपाई मिटली, शटर दाबायची तार गुंडाळली. दारात तुळसाबाईला चहा घे म्हटलं तर नको म्हणून आपल्या घरात गेली आणि तिने कडी लावल्याचा आवाज आला.

४

पुढचे दिवस मला सुखाचे गेले. हे आधी भाजीला नाव ठेवल्याशिवाय घास गिळत नसत. आता लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात मुकाट जेवत आणि वर म्हणत, "बेस झालं." नळ आला की पाणी भरून ठेवत. संध्याकाळी पडवीत बसून माझ्याकडे बघत. अजी म्हटलं की पहिल्या हाकेला उठत. तळ्याचा विषय नाही, मामाचा विषय नाही, कॅमेरा फळीवर धूळ खात पडलेला. मी म्हटलं, भ्याले असतील एकदाचे. बरं झालं.

मग एका संध्याकाळी समोरच्या क्वार्टरातल्या मिसराइनने दारातून नवऱ्याला हाक मारली, "अजी, सुनते हो?" तिचा नवरा मागे परसात होता. आमचे हे पडवीतून उठले, "आलो," म्हणाले आणि रस्ता ओलांडून तिच्या दारात जाऊन उभे राहिले.

मिसराइन पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते. आमच्या ओळीत बिहारची माणसं, पंजाबची माणसं, रायपूरकडची माणसं. भाषा दहा तऱ्हेच्या, पण नवऱ्याला बोलावायची तऱ्हा बहुतेकींची हीच. ज्या दारातून अजी ऐकू येई, त्या दाराकडे हे निघत. धावत नसत. हातातलं नीट खाली ठेवून, बोलावलं आहे तर जायला हवं, अशा समजुतीने जात. थोड्याच दिवसांत बायकांनी हसणं सोडलं. नंतर त्यांनी हाका मारणंही सोडलं. कोणी ताटलीवर चमचा वाजवी, कोणी लेकराला धाडी. आमची ओळ संध्याकाळी गप्प असायची.

यांच्या ऑफिसातला पुंडलिक घरी आला. "वैनी, फोटोबाबूचे कान दाखवून घ्या डॉक्टरले. मांगून नाव घेऊन बलावलं, मान फिरवत नाही. सायबानं सोता बलावलं, तरी नाही."

मी म्हटलं, मशीनचा आवाज, बसले असतील दडे. पण मनाला ते पटेना. "भाऊजी, आता माह्यासमोर बलावा बरं," मी म्हटलं. पुंडलिकने दारातून यांच्या नावाने खणखणीत हाक मारली. हे पडवीत बसले होते. मान हलली नाही. दुसऱ्या कोणाचं तरी नाव असावं, तसं.

पुंडलिक डोकं हलवत गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन, चुलीकडे तोंड करून, मलाही नीट ऐकू येणार नाही इतक्या हळू म्हटलं, "अजी."

"आलो," पडवीतून आवाज आला.

५

दुसऱ्या दिवशी मी फळीवरून कॅमेरा काढला. त्या संध्याकाळची फिल्म आतच होती. हे ऑफिसात गेले होते. मी न्हाणीघराची खिडकी झाकली, दार लावलं आणि काळोखात फिल्म थाळीत सोडली.

अर्धं काम झालं असेल नसेल, दाराबाहेर कोणीतरी बसल्याची चाहूल लागली. पाठ दाराला टेकल्याचा बारीक आवाज झाला.

"अजी, दार उघडू नका, फिल्म हाय," मी म्हटलं. ऑफिस सुटायला अजून अवकाश होता.

"नाही उघडत. मी इथंच बसलो हाओ."

दार उघडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. यांना फिल्मची एवढी चिंता, एरवी विचारत, कशी येऊन राहिली, पाणी बदललं का, हात हलता ठेव. दारापलीकडून काही विचारणं झालं नाही. श्वासाचा आवाजही येत नव्हता. काळोखात मी हात हलवत राहिले आणि दाराकडे कान देत राहिले. मध्ये एक पातळ फळी होती.

फिल्म वाळल्यावर लाल दिव्यात कागदावर फोटो उठवला. आधी झाडं आली. मग भिंत, मग दुधासारखं पाणी. मग पलीकडच्या काठावर मामा आला. धुराची रेघ नव्हे, अख्खा, पुढचे पाय मुडपून, चुलीपाशी मांजर बसते तसा. आणि त्याच्या बाजूला, हात लांब केला तर पाठीवर ठेवता येईल इतक्या जवळ, हे उकिडवे बसलेले. शर्टाची कॉलर मी उलटून शिवली होती, तीसुद्धा दिसत होती. हे मामाकडे बघत नव्हते. कॅमेऱ्याकडे बघत होते.

मी मनाशी हिशेब मांडला. हे तळ्याला वळसा घालून तिथे जाऊन बसले असतील. एकदा स्लॅग पडला असेल, फोटो उमटला असेल. मग मी हाक मारली तेव्हा उठून आले. यात न होण्यासारखं काय आहे. पण शटर मी माझ्या हाताने बंद केलं होतं, हे माझ्या शेजारी उभे असताना, शेवटचा लाल उजेड पडून गेल्यावर. जे हलतं ते पुसून जातं. पुसल्याची एक खूणही त्या बसलेल्या माणसावर नव्हती.

हिशेब बरोबर आहे असं मी स्वतःला सांगत होते आणि कागद पुन्हा लाल दिव्याजवळ धरत होते.

६

ट्रंकेत एक कोरी फिल्म होती. शटर उघडायचं, तार दाबायची, हे सगळं मी इतकी वर्षं ऐकत आले होते. तुळसाबाईला म्हटलं, चल. ती नको म्हणाली आणि चप्पल घालून आली.

तिपाईच्या पायांची भोकं जमिनीत तशीच होती, त्यांतच मी तिपाई रोवली. पलीकडचा काठ मोकळा होता. मी डोळे ताणून पाहिलं. चिखल, वाळलेलं गवत, बाकी काही नाही. शटर उघडलं आणि आम्ही भिंतीआड बसलो. संध्याकाळ उतरत होती. हे रोज इथे बसून काय ऐकत असतील ते मला तेव्हा कळलं. लांबून कारखान्याची घरघर आणि जवळ काहीच नाही.

स्लॅग पडला. तळं लाल झालं. काठ रिकामाच होता. फक्त पाण्यावर एका जागी वर्तुळं उठली, कोणी पाणी पिताना उठतात तशी. तुळसाबाईने माझा दंड धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो उठला. हे तिथेच बसले होते. तीच कॉलर, तेच उकिडवं बसणं, तेच माझ्याकडे बघणं. जुनाच फोटो पुन्हा उमटला म्हणावं, तर पहिल्या फोटोत पाणी यांच्या पायाशी होतं आणि या फोटोत ते आटून मागे गेलं होतं, मधे भेगाळलेला चिखल होता. मामाने डोकं पायांवर टेकलं होतं. यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, दुःख नव्हतं. कोणी बोलावलं की उठतो, असा चेहरा होता. ऑफिसातून आल्यावर पडवीत बसायचे, अगदी तसा.

मी तो ओला कागद पोटाशी धरून रडले. माझा माणूस तिथे बसला होता, उपाशी, आणि मी इथे कोणाला तरी भात वाढत होते.

संध्याकाळी जानराव ड्यूटीवरून आला तो कुंपणापाशी थांबून सांगू लागला, "स्लॅगची लाइन तळ्याकडं वाढवून रायले. रूळ टाकनं झालं. पानी पडायच्या आत तळं बुजवतीन." तो सहज बोलला. वितळलेला मळ त्या काठावर ओतणार होते. त्याआधी यांना तिथून उठवायला हवं होतं, आणि उठवायचं कसं ते मला माहीत होतं. तुळसाबाईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

७

मी निघाले तेव्हा तो पडवीत बसला होता. आता त्याला 'हे' म्हणवत नाही, म्हणून तो म्हणते.

"कुठं निघाली?" त्याने विचारलं.

"तळ्यावर."

"त्याईले बलावाले?"

त्याला कसं कळलं ते मी विचारलं नाही. नुसती मान हलवली.

"तुवं बलावलं म्हून आलो मी," तो म्हणाला. आवाज यांचाच होता, पण हे माझ्याशी इतक्या मऊ आवाजात कधी बोलल्याचं आठवत नाही. "त्याच्या आंधी मले कोनी बलावलंच नोयतं. माहं काई चुकलं का?"

चूक त्याची नव्हती. जेवण केलं, पाणी भरलं, पहिल्या हाकेला उठला. मी म्हटलं, "नाही."

"मंग पानी भरून ठेवतो," तो म्हणाला आणि उठला.

तळ्यावर मी एकटी गेले. नवे रूळ पाळीच्या टोकाशी येऊन थांबले होते. कॅमेरा आणला नव्हता. भिंतीपाशी उभी राहिले आणि तोंड उघडलं. आई आठवली, सासू आठवली, दोघींनी कान धरल्यासारखं वाटलं. मग यांचा चेहरा आठवला आणि मी नाव घेतलं. पहिल्यांदा पुटपुटल्यासारखं. दुसऱ्यांदा मोठ्याने. तिसऱ्यांदा, आयुष्यात कधी ओरडले नव्हते इतक्या मोठ्याने, यांचं नाव मी त्या तळ्यावर फेकलं.

स्लॅग पडला. लाल उजेडात पलीकडच्या काठावर दोन आकार दिसले. एक उभा राहत होता. दुसरा बसूनच होता आणि त्याची मान वळलेली होती, पण माझ्याकडे नाही. माझ्या मागे, आमच्या घराच्या दिशेला तो बघत होता. उजेड गेला.

"ओ," पलीकडून आवाज आला. वैतागलेला. "कावून बोंबलून रायली वं? आत्ता कुठं मामानं माह्याकडं मान वळवली होती."

हे पाळीवरून धूळ झटकत आले. दाढी वाढली नव्हती, शर्ट मळला नव्हता. यांच्या लेखी तीच संध्याकाळ चालली होती. "माहा कॅमेरा कोनं नेला?" हेच विचारत होते. मी यांचा हात धरला. रस्त्याने हात धरून चालण्याची आमची पद्धत नाही, पण मी सोडला नाही, आणि यांनीही काही वेळाने बोलणं थांबवून तो तसाच राहू दिला. "तुवं माहं नाव घेतलं," हे म्हणाले. "हाव," मी म्हटलं. अंधारात हे हसले ते मला ऐकू आलं.

घरी आलो. पडवी रिकामी होती. आत सगळी भांडी काठोकाठ भरलेली आणि प्रत्येकावर झाकण.

८

यांना सांगितलं, ताप चढला होता, डोक्यात गेला, दिवस आठवत नाहीत. ऑफिसात पुंडलिकने पेढे वाटले, फोटोबाबूचे कान सुधारले म्हणून. दोन्ही फोटो मी चुलीत घातले आणि फिल्म खराब निघाली म्हटलं. हे चिडले, दोन दिवस बोलले नाहीत. मला तेही गोड वाटलं. आता हे वरणात मीठ कमी म्हणतात, तिसऱ्या हाकेला मान वर करतात, पाण्याची भांडी रिकामी असतात. माझा माणूस मला परत मिळाला. नाव घेऊन आणला, म्हणून दुसरा कोणी असूच शकत नाही.

मग हाका सुरू झाल्या. तळ्याकडून, दिवे लागायच्या वेळी.

"अजी. अजी, घरी या ना."

आवाज पुरुषाचा, पण हाक माझी. त्या संध्याकाळी मी मारली होती तशीच, तोच हेल, तीच कळवळ. बाईला कोणी अजी म्हणून बोलावत नाही. त्याला दुसरा शब्द माहीत नसावा. याच एका शब्दाने त्याला कोणी घरी बोलावलं होतं.

तळं बुजवलं. स्लॅगचं पहिलं भांडं ओतलं त्या संध्याकाळी पाण्याची वाफ आमच्या ओळीवरून गेली, माणसं बघायला धावली. मी दार लावून आत बसले आणि पोटच्या पोराला काही व्हावं तशी तळमळले. यांनी विचारलं, काय झालं. सांगता आलं नाही. जे कोणाला सांगता येत नाही, तेच माणूस जन्मभर सांभाळतो.

दुसऱ्या दिवशी हाक आली ती तळ्याकडून नव्हती. मागच्या नाल्यातून आली. पुढे आमच्या ओळीच्या तोंडाशी आली. मिसराइनने दारं लावून घेतली, तुळसाबाई माझ्याशी नजर मिळवत नाही. यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "कोन कोनाले बलावून रायलं वं?"

"असंल कोनी," मी म्हटलं.

काल ती हाक पडवीच्या पायरीपासून आली. किती हळू, किती आर्जवाने. मला आजवर इतक्या प्रेमाने कोणी बोलावलेलं नाही. नको, जा, असं सांगायला हवं, कळतं मला. पण कोणाला घालवायचं तरी नाव लागतं, आणि ते त्याला कोणी ठेवलेलंच नाही.

आज संध्याकाळी भात टाकताना मी मूठभर तांदूळ जास्त घेतले.